छातीची तपासणी

दारव्हा,
८ नोव्हेंबर २०२४

नयनदादा,

"यापुढे जे काय असेल ते लेखी दे," असं म्हणून तू फोन ठेवलास. घे, लेखी देते. फोन तू मधेच तोडतोस. कागद मधेच तोडता येत नाही. न वाचता फाडता मात्र येतो, ते तुझं तू बघ.

मुख्तारचाचाला, बेबीताईला आणि त्यांच्यासोबतच्या बाकीच्यांना कामावरून कोणी काढलं, एवढाच माझा प्रश्न होता. तू म्हणालास, कोणी काढलं नाही, सीझनचे मजूर आहेत, ठेकेदाराने बोलावलं नसेल. म्हणून मी ठेकेदारालाच विचारलं. देवीलाल आधी नुसता रुमालाने तोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, मले कायले मधात घेता? भाऊबीजेच्या दिवशी नयनभाऊनं मले निंबाखाली बोलावलं. म्हणे, डॉक्टरनं ज्याच्या ज्याच्या छातीत खराबी सांगितली ते लोक यंदा आणू नको. मी म्हटलं, मुख्तारभाई पण? म्हणे, मुख्तारभाई पयले."

त्या दिवशी सकाळी मी तुला ओवाळलं होतं. दुपारी तुम्हा दोघांना निंबाखाली उभं पाहिलंही होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. वाटलं, कापसाच्या आवकेचं बोलत असाल. तुझ्यासाठी अनारसे डब्यात भरत होते मी तेव्हा.

पुण्यात राहून तुला जिनिंगचा विसर पडला असेल, म्हणून सांगते. मशीन सुरू झाली की सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि जे कशातच जात नाही ते हवेत राहतं. बायांच्या भुवयांवर, पदरावर, पाण्याच्या माठावर ते बसतं, आणि छातीतही. आठवडी बाजाराच्या सुटीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. बाबांनाही माहीत होतं. ते त्या दिवशी सगळ्यांना गूळ वाटायचे आणि समजायचे की झालं आपलं कर्तव्य.

बाबा गेल्यापासून जिनिंग मी चालवते आणि सह्या तुझ्या लागतात. या उन्हाळ्यात मी धूळ ओढून घेणारे पंखे बसवले. बायांसाठी संडास बांधला, आतून कडी लागणारा. लेकरं रुईच्या ढिगावर झोपायची, त्यांच्यासाठी वेगळी खोली केली. विरोध तू प्रत्येक गोष्टीला केलास आणि फोटोही प्रत्येक गोष्टीचे काढून नेलेस.

मग नवरात्राच्या आधी छातीची तपासणी ठेवली. डॉक्टर तुझाच वर्गमित्र. नळीत जोरात फुंकायचं, मशीन सांगते छाती किती चालते ते. सगळ्यांनी खुशीने फुंकलं. मुख्तारचाचा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जिनिंगची सारी मशीन मी फुंकर मारून चालू केली, तुमची कायले नाही होणार?" आणि फुंकून झाल्यावर इतका हसला की त्यालाच ठसका लागला.

डॉक्टरांनी मला सांगितलं, काही जणांची छाती कमजोर झाली आहे. यांना धुळीतून काढा, दुसरं काम द्या, औषध सुरू करा, सहा महिन्यांनी परत पाहू. काम द्या म्हणाले, दादा. मी ठरवलंही होतं. चाचाने बाहेरच्या वर्कशॉपमध्ये बसून दोन पोरांना फिटरचं काम शिकवायचं. बेबीताईने लेकरांची खोली सांभाळायची. डॉक्टरांनी तुलाही सांगितलं असणार. तूही मालक, त्यांनी का सांगू नये?

फोनवर तू काय म्हणालास ते तुझ्याच शब्दांत लिहिते, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको. "समी, डोकं वापर. उद्या त्यातला एखादा आपल्या आवारात मेला तर आपल्याला आधीच माहीत होतं असं होईल. आणि धुळीतून बाहेर काढलं ते त्यांच्याच तब्येतीसाठी ना? तुला हेच पाहिजे होतं."

मला हेच पाहिजे होतं म्हणे.

देवीलालला फोन कर आणि त्यांना परत आणायला सांग. मशीन सुरू होऊन चारच दिवस झाले आहेत. अजून लोकांना वाटेल की चूक झाली होती.

समीक्षा


दारव्हा,
३० नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. वकिलाकडून निरोप आला, "विषय संपलेला आहे." आपण दोघं एका ताटात जेवलेली भावंडं, आणि निरोप वकिलाचा. बरं.

माझ्याकडून विषय संपलेला नाही. मी बेबीताईला शोधायला गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, नेर रोडला एकाच्या वावरात कापूस वेचायला जाते. गाडी रस्त्यावर लावून मी धुऱ्याने, बांधावरून चालत गेले. ती ओळीत सगळ्यांच्या मागे होती. बाकीच्या बाया अर्धी ओळ पुढे निघून गेल्या होत्या आणि ती दर चार झाडांनी कमरेवर हात ठेवून उभी राहत होती.

मला पाहून तिने ओटीतला कापूस खाली ठेवला. म्हणाली, "ताई, पाणी प्या." मी प्याले. मग म्हटलं, "बेबीताई, मी नाही काढलं तुम्हाला. दादाने काढलं. मला माहीतसुद्धा नव्हतं."

"आमाले तुमी दोघं एकच दिसता, ताई."

"मी तुमच्या भल्यासाठी तपासणी केली होती."

"खोकला मले पयलेबी होता," ती म्हणाली. "खोकला होता अन कामबी होतं. तुमी तपासलं. आता खोकला हाय अन काम नाही. मंग भलं कोनाचं झालं, ते तुमीच सांगा."

मी म्हटलं, निदान डॉक्टरांनी दिलेलं औषध तरी घ्या. तर म्हणाली, "मी तं फुंकाले तयारच नव्हती. तुमीच म्हटलं, जो फुंकन नाही त्याले गेटच्या आत घेनार नाही. फुंकली तरी गेटच्या बाहेरच राह्यली."

हो, म्हटलं होतं मी तसं. नाहीतर कोण आलं असतं? अर्ध्या बाया म्हणत होत्या, नळी उष्टी असते. अर्ध्या म्हणत होत्या, सुई टोचतील. कोणीतरी जोर करायलाच हवा होता. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तेव्हा ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

तिथून मुख्तारचाचाकडे गेले. हजराबीने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. लहानपणी त्या घरात आपण दोघं न विचारता घुसायचो, आठवतं? शिरखुर्मा पातेल्यातून खायचो. आज तिने मला "ये" म्हटलं नाही.

"ते नेरले जातात," ती म्हणाली. "पयल्या एस्टीनं जातात, अंधार पडल्यावर येतात. तिथल्या जिनिंगमधी लागले."

"जिनिंगमध्ये? चाचाला धूळ चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तिथं कोणी फुंकाले नाही लावत," हजराबी म्हणाली, "म्हनून तिथं काम भेटलं."

ते नेरचं जिनिंग कसं आहे ते तुला माहीत आहे. बाबा म्हणायचे, तिथला मालक पत्र्याला भोक पडलं तरी आनंदी होतो, खिडकीचा खर्च वाचला म्हणून. आपल्याकडे पंखे बसले, हवेतून आता कुठे जरा पलीकडचं दिसायला लागलं, आणि ज्याची छाती सगळ्यात खराब तोच माणूस आपण तिथे पाठवला. त्याच्याच तब्येतीसाठी.

तुझा तो फोटो पाहिला. पुण्यातल्या कुठल्याशा उद्योजकांच्या बैठकीत तू बोलतोयस आणि मागे पडद्यावर आपली लेकरांची खोली. भिंतीवरचा तो मोर बेबीताईने काढला आहे. खाली तू लिहिलंस, "आमच्यासाठी कामगार म्हणजे कुटुंब." शेकडो लोकांनी त्याला लाइकचे अंगठे दिलेत.

समीक्षा


दारव्हा,
१४ जानेवारी २०२५

दादा,

आज संक्रांत. तिळगुळाचं मी काही लिहीत नाही.

तुझा निरोप मिळाला. काढलेल्या लोकांना परत घेतलं तर बँकेच्या कागदावर तू सही करणार नाहीस. भर सीझनमध्ये सही नाही म्हणजे खरेदी बंद, खरेदी बंद म्हणजे गेटवर उभ्या असलेल्या गाड्या दुसऱ्याच्या गेटवर. तू हिशोब बरोबर केलास. सगळ्यांचं काम जाईल या भीतीने मी थोड्यांचं काम जाऊ देईन, हे तुला माहीत होतं.

बेबीताईला मी परत आणलं आहे. लेकरांच्या खोलीत असते. ती हजेरीवर नाही, माझ्या घरची बाई म्हणून येते, त्यामुळे तुझ्या वकिलाला काही सापडायचं नाही. बाकीच्यांना मी "जरा थांबा" म्हणाले आहे. त्यातला एक जण म्हणाला, "थांबतो ना ताई, आमाले दुसरं काय येते?" आणि मला त्याच्या तोंडाकडे पाहवलं नाही. झालं का तुझं समाधान?

मुख्तारचाचाला भेटायला मी नेरला गेले होते. जिनिंगच्या गेटवर गेले असते तर त्याची तिथली नोकरीही गेली असती, म्हणून संध्याकाळी बसस्टँडवर थांबले. तो आला तेव्हा मी ओळखलंच नाही. दाढीत, कानाच्या पाळ्यांवर, टोपीवर रुई. बाकावर बसला. नुसता हात वर करून मला थांबवून धरलं. श्वास जागेवर येईपर्यंत दारव्ह्याची एक बस निघूनही गेली.

मग म्हणाला, "काहून आली बेटा एवढ्या दूर?"

मी म्हटलं, "चाचा, परत चला. वर्कशॉपमध्ये बसा. दादाचं मी पाहते."

"तुझ्या बाबासोबत पयली मशीन मी बसोली," तो म्हणाला. "तवा छत बी नव्हतं, ताडपत्रीखाली बसोली. अन देवीलाल गेटवर मले म्हणते, चाचा, तुमचं नाव नाही. माझं नाव नाही! मी म्हटलं, बेटा, नीट पाय. त्यानं मान खाली घातली. मंग मी समजलो."

"मी तपासणी करायलाच नको होती."

"तपासणीचं मले वाईट नाही वाटत." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, रुईचाच. "पण मले सांगाचं होतं ना. पयले मले. छाती माझी, अन सांगितली कोणाले? तुले, नयनले, देवीलालले. मले तं गेटवर समजलं. औषध आलं घरी तवा मी समजलो का ताकदीचं हाय."

हे मी तुला जसंच्या तसं लिहिते आहे, दादा. उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव. डॉक्टरांनी मला सांगितलं, मी ऑफिसात बसून कोणाला कुठे बसवायचं ते ठरवलं, आणि ज्याची छाती होती त्याला "ताकदीची गोळी आहे, घेत जा" एवढंच कळवलं. घाबरेल म्हणून. म्हातारा माणूस आहे, जिवाला लावून घेईल म्हणून.

मी म्हटलं, "मग काम तरी सोडा. घरी बसा."

"घरी बसून काय करू? हजरा माझ्या छातीकडे पायत बसते. बसून आदमी गंजते बेटा. अन तिथं मशीन आवाज करते तं माझा आवाज कोणाले ऐकू येत नाही." मग हसून म्हणाला, "तिथं पंखे नाहीत. दुपारी समोरचा आदमी दिसत नाही. एकदा मी मुकादमालेच शिवी दिली, मले वाटलं पोरगा हाय."

पुढची बस आली. मी गाडीतून सोडते म्हटलं तर नाही म्हणाला. हजराबी मोहल्ल्याच्या तोंडाशी उभी असते, गाडीतून उतरताना पाहिलं तर दोन दिवस बोलणार नाही. खिडकीशी जागा मिळाली त्याला. मला हात हलवला.

दादा, मी एरवी तुझ्यापुढे हात जोडले नसते. जोडते. एक सही आहे तुझी. तू स्वतः त्याला फोन कर. मी बोलावलं तर तो येणार नाही, त्याला वाटतं मी तुझ्याशी भांडून आणते आहे. तू बोलावलंस तर येईल. तुला सायकल त्यानेच शिकवली आहे.

समी


दारव्हा,
४ मार्च २०२५

नयन,

मुख्तारचाचा गेल्याचं तुला कळलं आहे, हे मला माहीत आहे, कारण देवीलालने तुला माझ्यासमोर फोन केला होता. तू त्याला विचारलंस, "कुठे गेले? आपल्याकडे नाही ना?" फोन स्पीकरवर होता.

नाही. आपल्याकडे नाही. नेरला. दुपारी मशीनचा पट्टा बसवता बसवता खाली बसला, तो उठलाच नाही. तिथल्या लोकांनी गाडीत घालून यवतमाळला नेलं. मी पोहोचले तेव्हा ऑक्सिजन लावलेला होता आणि शाहिद, त्याचा मुलगा, पायाशी उभा होता. डॉक्टरांनी धावपळ केली. मी उभी राहून पाहिली ती, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. रमजानचा चाँद दिसायच्या चार दिवस आधी गेला.

तू फोन केला नाहीस त्याला. ते पत्र तुला मिळालं होतं. पोचपावती माझ्याकडे आहे.

तिसऱ्या दिवशी मी घरी गेले. हजराबीने या वेळी मला आत घेतलं. खाटेवर बसवलं. मुलीला चहा ठेवायला सांगितलं. घर बायांनी भरलेलं होतं. हजराबी समोर बसली. म्हणाली, "ते आखरीपर्यंत तुझीच बाजू घेत होते. म्हणे, समीनं चांगल्यासाठी केलं. मी म्हणे, हो."

मी रडायला लागले.

"आता ते नाहीत," ती म्हणाली, "तं मी खरं बोलते. मी तुझी बाजू घेत नाही बेटा. चाय पी."

मी चहा प्याले. सगळ्यांसमोर, शेवटच्या घोटापर्यंत. उठून जायची मला हिंमत नव्हती.

आता तुझं. नागपूरच्या तुझ्या कार्यक्रमाची चित्रफीत मला तिघांनी पाठवली, अभिनंदन म्हणून. दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम. निळा कोट तुला शोभतो. कामाच्या जागी आरोग्य कसं जपावं यावर तू बोललास, चांगलं बोललास. माझीच वाक्यं होती बरीचशी, ज्यांच्यावरून तू उन्हाळ्यात माझ्याशी भांडला होतास. आणि मग पडद्यावर मुख्तारचाचा आला. नळी हातात, फुंकून झाल्यावर हसतानाचा. तू म्हणालास, "हे आमचे मुख्तारचाचा. आमच्या घरातलेच. तपासणी वेळेत झाली, म्हणून आम्ही त्यांना धुळीतून बाहेर काढू शकलो." टाळ्या पडल्या. तू पाण्याचा घोट घेतलास आणि पुढचं चित्र आलं.

तुला माहीत होतं, नयन. तो घोट घेताना तुला माहीत होतं. मी ते चार वेळा पाहिलं, कुठे तुझा आवाज अडखळतो का म्हणून. अडखळत नाही.

काल शाहिद गेटवर आला. मला वाटलं, भांडायला आला. त्याचा हक्क होता. मी वॉचमनला म्हटलं, येऊ दे त्याला, बोलेल ते बोलू दे. तो ऑफिसात आला, बसला नाही. म्हणाला, "ताई, तुमच्या भावानं अब्बाचा जो फोटो दाखोला, तो आमाले पायजे. आमच्याजवळ त्यायचा हसतानाचा एकही फोटो नाही. आधारकार्डावरचाच हाय."

मी त्याच्या फोनवर पाठवला. त्याने तिथेच उभं राहून पाहिला, बोटांनी मोठा केला, मग फोन खिशात टाकला आणि "येतो" म्हणून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता मला तुझी सही नको, परवानगी नको. वाटणी कर. यवतमाळचं घर घे, राळेगावकडची शेती घे, बाबांच्या नावावर आणखी काय असेल ते शोधून काढ आणि घे. जिनिंग मला दे. तुला ते विकायचं होतं, मला ठाऊक आहे. विकत घेणारा आधी विचारेल की इथे माणसं किती. तू सांगशील, कुटुंब आहे.

समीक्षा


दारव्हा,
२२ नोव्हेंबर २०२५

नयन,

वाटणीच्या कागदांची तुझी प्रत सोबत पाठवते. हे आपलं शेवटचं लेखी. तू वकिलाकरवी विचारलं होतंस की जिनिंग कसं चाललं आहे. विचारण्यामागे काळजी होती की उत्सुकता, ते मी शोधत बसत नाही. सांगते.

जिनिंग चाललं आहे. काढलेल्यांपैकी जे आले त्यांना मी घेतलं. सगळे आले नाहीत. दोघं सुरतेकडे गेले, एक जण म्हणाला, मी तुरीच्या वावरातच बरा. बेबीताई लेकरांच्या खोलीत आहे, आता हजेरीवर आहे. वर्कशॉपमध्ये दुसरा फिटर आहे. चाचाची जागा म्हणून मी ती शाहिदला देऊ केली होती. त्याने हात जोडले. तो मोबाइलच्या दुकानात बसतो, तिथे हवा बरी आहे म्हणाला.

या वर्षी डॉक्टर बदलले. यवतमाळच्या एक बाई येतात. ज्याची तपासणी त्यालाच निकाल, बंद खोलीत, त्याच्या बोलीत समजावून. मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. ज्याला हलकं काम पाहिजे त्याने फक्त एवढंच म्हणायचं, का ते सांगायची गरज नाही. मजुरी तीच. आजारामुळे कोणाचं काम जाणार नाही, असं मी मोठ्या अक्षरांत गेटवर लावलं. सगळ्यांना एकत्र बसवून वाचूनही दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

या वेळी जबरदस्ती नव्हती. तपासणीला देवीलाल आला आणि वॉचमन आला. डॉक्टरबाई दुपारपर्यंत बसून राहिल्या.

मी बेबीताईला म्हटलं, "निदान तुम्ही तरी जा. तुम्हाला मी परत आणलं ना?"

ती लेकराला थोपटत होती. म्हणाली, "गेटवरचा बोर्ड चांगला हाय ताई. नयनभाऊनंही एक लावला व्हता, आमी सारे कुटुंब हाय म्हणून. तोबी चांगलाच व्हता."

मग मला वाईट वाटलं असेल म्हणून असेल, तिने खाली बघत जोडलं, "दम धरा. लोकायले लगेच नाही पटत." किती दम, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

लोक माझ्याशी नीट वागतात. नमस्कार करतात, सणाला घरचं खायला आणून देतात. पण एक गोष्ट झाली आहे, ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. तुलाच सांगते, कारण ही आपण दोघांनी मिळून केलेली गोष्ट आहे, वाटणीत ती निम्मी तुझीही येते.

माझ्यासमोर कोणी खोकत नाही.

मी मशीनच्या शेडमध्ये शिरले की बाया तोंडात पदर कोंबतात. माणसं पाठ फिरवून वाकतात, जणू खाली काही पडलं. एखादीचे डोळे लाल होतात, पाणी वाहतं, मान थरथरते, पण आवाज काढत नाही. मी जवळ जाऊन "बरं आहे ना?" विचारलं तर मान हलवते, बोलत नाही, कारण तोंड उघडलं तर खोकला बाहेर येईल. परवा एक नवी पोरगी, देवीलालच्या तांड्यावरची, मला पाहून श्वास कोंडून उभी राहिली. तिला कोणीतरी शिकवलं होतं. मी दोन मिनिटं जास्त थांबले असते तर ती पडली असती.

मी बाहेर पडते आणि दार लावते, तेव्हा आत खोकला सुरू होतो. एकीपासून सुरू होतो आणि सगळ्या शेडमध्ये पसरतो, मशीनच्या आवाजातूनही ऐकू येतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी परत आत गेले होते. सगळं क्षणात बंद झालं.

आता मी जात नाही. बाहेर उभी राहते आणि त्यांचं खोकून होऊ देते.

समीक्षा